वाचकांचे प्रश्न : मॅक्रो एकाच लॅपटॉपवर का बिघडतो?

प्रश्न : बिरसी (जि. गोंदिया) इथल्या एका राईस मिलवाल्या वाचकांनी कळवले आहे की, पुरवठादारांना पैसे कधी द्यायचे हे काढणारी त्यांची एक्सेल फाइल मॅक्रोवर चालते. मिलमधल्या दोन संगणकांवर तक्रार नाही. मुनीमजींच्या नव्या लॅपटॉपवर मात्र कधी लाल पट्टी येते; चाललीच तर ‘काही तारखा पुढेमागे दिसतात’. सगळे मॅक्रो कायमचे चालू करावेत, की लॅपटॉपच बदलावा?

उत्तर : दोन्ही नको. सगळे मॅक्रो चालू केले, तर ईमेलमधून आलेली कुठलीही फाइल नेट बँकिंगच्याच यंत्रावर मोकाट सुटेल. लॅपटॉप बदलण्यात नुसता पैसा जाईल. ‘ऑफिस पुन्हा टाकून बघू’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावे.

लाल पट्टीचे कारण साधे आहे. इंटरनेटवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्ट 2022 पासून आपोआप अडवते. फाइल आपलीच असल्याची खात्री असेल, तर प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’वर खूण करायची.

वाचकांनी जाता जाता लिहिलेली तारखांची गोष्ट मात्र महागात पडणारी आहे. अडलेला मॅक्रो निदान काही बिघडवत नाही.

नव्या लॅपटॉपवर विंडोजचा प्रांत अनेकदा अमेरिका राहून जातो. तिकडे आधी महिना, मग दिवस. तारीख मजकूर म्हणून आली, की 10/02/2025 ची 10 फेब्रुवारी न होता 2 ऑक्टोबर होते. 25/02/2025 मात्र बरोबर वाचली जाते, कारण पंचविसावा महिना नसल्याने मॅक्रो गुपचूप क्रम उलटवतो. चार-दोन ओळी तपासणाऱ्याला म्हणूनच सगळे ठाकठीक वाटते. आणि चुकीची तारीख एकदा जतन झाली, की जुन्या संगणकावरही ती चुकीचीच उघडते. एक्सेल नावांच्याही तारखा करते. त्या त्रासापायी 2020 मध्ये ‘मार्च1’सारख्या मानवी जनुकांची नावे बदलल्याचे जाहीर झाले!

आता पैशांचे. पोती किंवा रबर रोल बनवणारा पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योग असेल, तर लेखी करार असताना जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसताना 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. 10 फेब्रुवारी 2025 ला स्वीकारलेल्या मालाची 45 दिवसांची मुदत 27 मार्चला संपते. लॅपटॉप म्हणतो 16 नोव्हेंबर. 31 मार्चलाही देणे बाकी असेल, तर प्राप्तिकर कायद्यातल्या 43बी(एच) च्या तरतुदीने ती खरेदी त्या वर्षीच्या खर्चात धरली जात नाही. नफा फुगतो, कर वाढतो. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागते, आणि ते व्याज खर्चात दाखवता येत नाही. ‘संगणकाने चुकवले’ हे कारण कुणी ऐकून घेत नाही.

मुनीमजींनी त्या लॅपटॉपवर ही फाइल जतन करणे आजच थांबवावे. प्रांत भारत केल्याने पुढच्या चुका टळतील, मागच्या तशाच राहतील. त्यासाठी फायलीत दिवस 1 ते 12 दाखवणाऱ्या सगळ्या नोंदी कागदी बिलांशी ताडून पाहाव्यात. तेरा तारखेपासून पुढच्या नोंदींना या घोळाची बाधा होत नाही. मॅक्रो लिहिणाऱ्याला दिवस, महिना, वर्ष वेगळे करून ‘डेटसीरियल’ने तारीख बांधायला सांगावे. कर सल्लागाराकडे देण्यांची यादी त्यानंतरच पाठवावी.