जुनं घ्या, पण उलटून पाहून

जुन्या रुपयांची माळ विकत घ्यायला निघालात, तर पर्समध्ये एक लहानसं लोहचुंबक ठेवा. शाळेच्या कंपासपेटीत असतं तेवढं पुरतं. मी हे सांगते, कारण माझ्या माळेतले तीन रुपये चुंबकाला चिकटले आणि चांदी चुंबकाला चिकटत नाही.

ती माळ मी आमच्या भागातल्या एका यात्रेत घेतली. सातपुड्यातल्या बायका गळ्यात घालतात तशी, प्रत्येक नाण्याच्या डोक्यावर डाग देऊन कडी बसवलेली, काळ्या दोऱ्यात ओवलेली. विकणारा म्हणाला, “राणीछाप शेतस, ताई, सगळा.” वरच्या पाच-सहा नाण्यांवर खरोखरच राणी होती. त्याने काट्यावर अख्खी माळ ठेवली, चांदीच्या भावाने हिशेब केला, वर जुनेपणाचे म्हणून काही पैसे घेतले. बिल मागितलं तर “यात्रेत कुठलं बिल” म्हणाला. घरी आल्यावर ओळखीच्या सोनारकाकांना माळ दाखवली. त्यांनी ती पालथी टाकली आणि एकेका नाण्यामागचं साल वाचायला सुरुवात केली. तोवर यात्रा उठली होती, आणि त्या माणसाचं नाव-गाव माझ्याकडे नव्हतं.

सोनारकाकांनी त्या दिवशी जे शिकवलं ते इथे नीट मांडते. राणी व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांचे रुपये ११.६६ ग्रॅमचे, म्हणजे बरोबर एक जुना तोळा, आणि शंभरात जवळजवळ ९२ भाग चांदीचे. दुसऱ्या महायुद्धात चांदी महागली, तुटवडा झाला, आणि १९४० पासून सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. वजन तेच, आकार तोच, पण १९४० ते ४५ या सालांच्या सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी अर्धीच. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा, मागे वाघाचं चित्र असलेला. चुंबकाला चिकटतो तो हा. अर्ध्या चांदीचा रुपया मात्र चुंबकाला दाद देत नाही, त्यामुळे नुसत्या चुंबकावर विसंबू नका, साल वाचा. साल नाण्याच्या मागच्या बाजूला असतं आणि माळ गळ्यात किंवा काचेवर ठेवली की तीच बाजू खाली जाते.

माझ्या माळेत तीन वाघ निघाले, सात नाणी चाळीसच्या दशकातली निघाली, बाकीची चोख. पैसे मात्र सगळ्यांचे चोख चांदीच्या भावाने गेले होते. तरीही माळ खोटी नव्हती. डोंगरातल्या कुण्या घरात एकेक रुपया साठत गेला, जसा मिळाला तसा ओवला गेला, आणि १९४७ सालचा नवा कोरा वाघही कौतुकाने त्यातच बसवला गेला असणार. कड्यांचा डागही सगळ्या नाण्यांवर एकसारखा नाही. काही ठिकाणी जाडाभरडा, काही ठिकाणी इतका नाजूक की सांधा दिसतही नाही. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या हातांनी केलेलं काम ते. माळ अस्सलच आहे, भाव तेवढा खोटा लावला होता. जुनी वस्तू घेताना हे दोन प्रश्न वेगळे ठेवायला मी तेव्हापासून शिकले आणि इतरांनीही ठेवावेत असं मनापासून वाटतं. वस्तू खरी आहे का, हा एक प्रश्न. सांगितलेली किंमत कशाची आहे, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं की आपण हरखतो आणि दुसरा विचारायचा राहून जातो.

त्याच ओघात आणखी दोन गोष्टी. डाग दिलेल्या, कडी बसवलेल्या नाण्याला नाणेसंग्राहक किंमत देत नाहीत, तेव्हा “दुर्मिळ नाणं आहे” म्हणून कुणी जादा पैसे मागितले तर देऊ नका. आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाची, रामदरबार छापलेली जी नाणी पेंडंट म्हणून फिरतात, ती कंपनीने कधी काढलेलीच नाहीत. देवाचं चित्र म्हणून गळ्यात घालायची तर घाला, जुनं नाणं म्हणून घेऊ नका.

नंदुरबार जिल्ह्यात जुन्या चांदीचा विषय नुसत्या हौसेचा नाही. होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजारात धडगावला जा, किंवा काठीच्या राजवाडी होळीला जा. भिल्ल आणि पावरा बायकांच्या गळ्यात, दंडात, कमरेला, पायात जी चांदी दिसते ती घरची ठेव असते. पेरणीच्या तोंडावर बियाण्याला पैसे लागले, घरात दुखणं आलं, की आधी ती बाहेर निघते. एका जून महिन्यात मी सोनाराच्या दुकानात बसले असताना एक म्हातारी आणि तिचा मुलगा हसळी मोडायला आले. हसळी म्हणजे गळ्यातलं जाड, मधे फुगीर, टोकांना निमुळतं होत जाणारं कडं. तिच्या दोन्ही टोकांवर बारीक चौकटी कोरलेल्या होत्या, मानेला लागून लागून आतली बाजू गुळगुळीत झाली होती. काट्यावर ठेवली, तूट धरली, पैसे मोजले. कोरलेल्या कामाचा एक पैसाही त्या हिशेबात नव्हता. अशी वस्तू दुसऱ्या दिवशी मुशीत जाते.

म्हणून माझं ठाम मत असं आहे: जुनी चांदी घालायची आवड असेल तर ती मुशीच्या अलीकडे घ्या. ओळखीच्या, कायमच्या दुकानाच्या सोनाराला सांगून ठेवा की मोडीला आलेली चांगल्या कामाची वस्तू वितळवण्याआधी दाखवा, मी मोडीपेक्षा जास्त देईन आणि तो जादा पैसा विकणाऱ्याच्या हातात पडला पाहिजे. सगळे सोनार ऐकत नाहीत. काही ऐकतात. दारात अडलेल्या माणसाशी मात्र स्वतः घासाघीस करू नका. आणि वस्तू कुठून आली, हे प्रत्येक वेळी विचारा. गहाण पडून न सुटलेली चांदीही ‘जुना माल’ म्हणून फिरते. महाराष्ट्रात सावकारीला परवाना लागतो, २०१४ चा कायदा आहे. बिनपरवाना सावकाराच्या कपाटातून आलेली हसळी अंगावर घालून मिरवावी, असं कुणालाच वाटणार नाही. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा तर सरळ गुन्हाच आहे. पक्कं बिल इथे कामाला येतं. बिलावर वस्तूचं नाव, ग्रॅममधलं वजन, शुद्धता आणि दुकानाचा शिक्का हवा. ‘ग्रॅममधलं’ मुद्दाम म्हटलं. आज सराफ बाजारात तोळा दहा ग्रॅमचा धरतात, जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. भाव एका तोळ्याचा आणि वजन दुसऱ्या तोळ्याचं, असं झालं की फरक गिऱ्हाइकाच्या खिशातून जातो.

वाळे, कडी, तोडे घेताना ते भरीव आहेत की आत लाख भरलेली आहे हे पाहा. पोकळ दागिना चेपू नये म्हणून कारागीर आत लाख भरत, त्यात फसवणूक काही नाही. पण काट्याला लाख आणि चांदी सारखीच. फरशीवर हलकेच ठोकलं तर भरीव चांदी खणखणते, लाखेचा दागिना बद्द वाजतो. टोकाला बुजवलेलं भोक दिसतं का बघा. गिलट आणि जर्मन सिल्व्हर हे तर वेगळंच प्रकरण. जर्मन सिल्व्हरमध्ये तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी नावालाही नसते. रंग काळवंडवला की ते जुन्या चांदीसारखं दिसतं. शंका आली तर यंत्रावर तपासून घ्या. दागिना न कापता शुद्धता कळते आणि खर्च फार येत नाही.

काही वस्तू मात्र घेऊच नयेत. होळीत नवस फेडणारे जे मोरपिसांचे टोप, कमरेचे घुंगरू आणि भोपळे घालतात, ते व्रताचं साहित्य आहे. व्रत पाळून घालायची ती वस्तू दिवाणखान्यात टांगायला किंवा फोटोपुरती घालायला मागू नये. दुसरी वस्तू हस्तिदंती बांगड्या. गुजरात-राजस्थानकडच्या जुन्या चुड्यांमध्ये त्या अजून सापडतात आणि “आजीच्या काळातल्या आहेत, चालतं” असं सांगितलं जातं. चालत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर बंदी आहे. परदेशातल्या नातेवाइकांसाठी जुनं काही घेत असाल तर तेही ध्यानात ठेवा: शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तूंच्या कायद्यात येते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

आता साड्या. आमच्या जिल्ह्यातून ताप्ती लाइनची गाडी धरली की नवापूर ओलांडून थेट सुरत. नवीन जर तिथली आणि मायंदाळ नवीन साड्याही तिथल्याच. त्यामुळे ‘जुनी’ म्हणून समोर आलेली साडी खरोखर जुनी आहे की जुन्या नक्षीची नवी आहे, हे आम्हाला रोज पारखावं लागतं. माझ्या मावसबहिणीला मोबाइलवर फोटो दाखवून आजीची पैठणी म्हणून एक साडी विकली गेली. पदरावर मोर सुंदर होते. पदर उलटला तर मागे धाग्यांच्या लांब लांब रांगा लोंबत होत्या, काही कापलेल्या. हातमागावरच्या पैठणीत पदराची नक्षी धाग्यात धागा अडकवून विणतात, त्यामुळे उलटी बाजू जवळजवळ सुलटीसारखीच दिसते. यंत्रमागावरच्या नक्षीत न लागणारे धागे मागून धावतात. विकणाऱ्याने उलट्या बाजूचा फोटो पाठवला नव्हता. फोनवर खरेदी करायची तर उलट्या पदराचा फोटो मागा. घडीवरचा, काखेजवळचा आणि फॉलच्या जागेचाही मागा. पाठवायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

जर ओळखण्यासाठी साडीच्या मधोमध नख लावू नका. कडेला सुटलेला एखादा धागा असतोच, तो घ्या आणि पीळ उलगडा. खऱ्या जरीत रेशमाच्या गाभ्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते, वर सोन्याचा मुलामा. तार खरवडली की आत पांढरी चांदी दिसते. तांब्याची जर असेल तर आत लालसर. आणि जाळून पाहिल्यावर गोळा होऊन चिकटली तर ती प्लास्टिकची. खरी जर काळवंडते, त्याला घाबरू नका, तो चांदीचा स्वभाव आहे.

जुन्या रेशमाची खरी परीक्षा घडीवर होते. साडी उजेडासमोर धरून घडीच्या रेषेवर दोन्ही बाजूंनी हलकेच ताण द्या. बारीक चिरा पडल्या असतील तर ती नेसता येणार नाही, कितीही स्वस्त मिळाली तरी. अशा साडीचे काठ-पदर उतरवून नव्या कापडावर बसवता येतात, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. पण धडधाकट साडी कापून ड्रेस शिवणं मला पटत नाही. ड्रेसला फाटलेल्याही साड्या पुष्कळ मिळतात. घरी आणल्यावर सावलीत वारा द्या, मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, डांबरगोळी जरीला लागू देऊ नका, आणि दर दोन-चार महिन्यांनी घडी बदला.

वापरलेले शर्ट, जॅकेट, जीन्स यांचं गणित सोपं आहे. बोहारणीला आपण भांड्यांवर कपडे देतो, तेच कुठेतरी धुऊन, शिवून पुन्हा बाजारात येतात. पुण्याच्या जुन्या बाजारात असे ढीग पाहायला मिळतात. परदेशातले वापरलेले कपडे आणायला सरकारी परवाना लागतो. कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात त्यांची निवड होते आणि लोकरीचा मोठा भाग पानिपतला धागा बनतो. अंगावरच्या लेबलचा साइज मानू नका, टेप घेऊन छाती-कंबर मोजा. काख, कॉलर, चेन आणि अस्तर बघा. घरी आल्यावर इतर कपड्यांत मिसळू न देता सोसेल तेवढ्या गरम पाण्यात भिजवून धुवा आणि कडक उन्हात वाळवा. खरूज आणि ढेकूण यांचा धोका खरा आहे, आणि तो एवढ्याने बराच कमी होतो. गरम पाणी न चालणारा कपडा निदान खरजेसाठी पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांच्या वर टिकत नाही.

शेवटी एक विनंती, घेणाऱ्यांना नाही, ज्यांच्या घरी आहे त्यांना. गल्लीत “जुनी जरीची साडी द्या” असं ओरडत येणारे लोक साडी घेतात ती जाळून चांदी काढण्यासाठी. त्यांचा तो धंदा आहे, त्यांना बोल नाही. पण पेटीतली साडी त्यांच्या हातात देण्याआधी चार दिवस थांबा. ओळखीत जुन्या साड्या नेसणारी एखादी बाई असतेच, तिला आधी दाखवा. साडी कुणाची, कुठल्या लग्नातली, साल कुठलं, हे कागदावर लिहून त्या साडीतच ठेवा. माझ्या माळेबरोबर असा कागद आला असता, तर मी भावापेक्षा दुप्पट पैसे आनंदाने दिले असते.