खर्च कमी करायला निघालात, तर हे आधी वाचा

आमच्या घरात उधळपट्टी कधीच नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण गेल्या वर्षभरात ज्यानं त्यानं मला अंथरूण पाहून पाय पसरायचा सल्ला दिला आहे. यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, कंपनीत जे झालं ते इथे उगाळत नाही. त्यामुळे घरात येणारा पैसा निम्म्यावर आला आणि घरखर्च त्या मापात बसवायचं काम माझ्याकडे आलं. ते करताना मला जे कळलं, ते काटकसरीवरच्या कुठल्याही लेखात मी वाचलेलं नव्हतं. भाजीत दहा रुपये वाचवणं सोपं आहे. खात्यातून दरमहा आपोआप जाणारा पैसा थांबवणं महाकठीण आहे, कारण तो थांबू नये म्हणून पलीकडे पगारी माणसं बसवलेली असतात.

सुरुवात मी सगळे करतात तशीच केली. वही घेतली, किराणा, दूध, गॅस, वीज, सोसायटीचा मेंटेनन्स, सासूबाईंची औषधं असं सगळं मांडलं. त्यात कापण्यासारखं फारसं निघेना. जे निघालं ते कापलं, तरी महिनाअखेरीला ताळमेळ बसेना. मग बँकेची आणि क्रेडिट कार्डाची वर्षभराची स्टेटमेंटं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली आणि लाल पेन घेऊन ओळ न ओळ वाचली.

मुलाच्या अभ्यासाचं ॲप, त्याची बारावी होऊन गेली तरी पैसे कापत होतं. जो फोन आम्ही कधीच विकून टाकला, त्याचा विमा चालू होता. आणि कार्डाच्या प्रत्येक बिलात ‘कार्ड सुरक्षा योजना’ अशी एक ओळ होती, तिच्याखाली त्याच रकमेवरच्या जीएसटीची दुसरी ओळ. रक्कम अशी बेताची ठेवलेली, की बिल भरताना तिच्यावर नजर ठरू नये. ही योजना मी मागितली नव्हती, तिचा एक कागदही माझ्याकडे आला नव्हता.

मी ग्राहक सेवेला फोन लावला.

“ही योजना मी कधी घेतली?”

“मॅडम, तुम्ही कॉलवर संमती दिली होती.”

“मग ते रेकॉर्डिंग ऐकवा.”

“ते ऐकवता येत नाही, मॅडम. पण योजना खूप छान आहे, कार्ड चोरीला गेलं तर…”

मी म्हटलं, योजनाही नको आणि कार्डही नको, दोन्ही बंद करा. लगेच फोन दुसऱ्या बाईंकडे गेला. त्यांचा आवाज फार गोड. आधी त्यांनी वार्षिक शुल्क माफ करते म्हणून सांगितलं. मग एका शॉपिंग साइटचं व्हाउचर देऊ केलं. मी कारण सांगायला बांधील नव्हते, पण घरची माणसं विचारतात तशा आपुलकीनं त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं, की घरातली मिळकत निम्मी झाली आहे, आम्हाला खर्च कमी करायचे आहेत. त्यावर त्या म्हणाल्या, “मॅडम, मग तर तुम्हाला कार्डाची जास्तच गरज आहे. मी तुमची लिमिट आत्ता दुप्पट करून देते.”

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. ज्या घरात पैसा कमी येतो आहे, त्या घराला दुप्पट उधारी देण्यात या लोकांना काहीही गैर वाटत नाही, कारण त्यांची कमाई आपण वेळेवर बिल भरण्यात नाहीच. आपण अडचणीत सापडलो की ती सुरू होते. त्या दिवसापासून मी ‘आपला हात आखडायला हवा’ हे वाक्य स्वतःशी म्हणायचं सोडून दिलं. आपल्या खिशात दुसऱ्यांचे किती हात आहेत ते मोजायला लागले.

कार्डावर बाकी होती, पण ती हौसेमौजेची नव्हती. सासूबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलनं भरती करून घेण्याआधी डिपॉझिट मागितलं, ते कार्डावर भरलं होतं. त्यानंतर आम्ही दर महिन्याला बिलावर ठळक छापलेली ‘किमान देय रक्कम’ नियमानं भरत होतो आणि बाकी जागची हलत नव्हती. ती का हलत नाही याचा हिशेब बँकेनं सांगितला नाही, म्हणून इथे मांडते. समजा बाकी 40,000 रुपये आहे आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के. म्हणजे व्याज 1,400 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 252, एकूण 1,652. किमान रक्कम 5 टक्के धरली तर 2,000 रुपये. आपण 2,000 भरतो, त्यातले फक्त 348 मूळ बाकीतून कमी होतात. वर बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. दूध घेतलं तरी त्याला पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. महिन्याचे साडेतीन टक्के म्हणजे वर्षाचे 42 टक्के. 2008 मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं कार्डावर वर्षाला 30 टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. तेव्हा या व्याजापासून कोणी आपल्याला वाचवील या भ्रमात राहू नका. सोन्यावर कर्ज काढावं लागलं तरी ते यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. आम्ही माझ्या पाटल्या ठेवल्या आणि कार्डाची बाकी एकरकमी भरली.

तरी कार्ड बंद झालं नाही. शाखेत गेले तर समोरचा मुलगा मान वर न करता म्हणाला, “कार्डाचं आमच्याकडे होत नाही, टोल फ्रीवर करा.” टोल फ्रीवाले म्हणाले, नोंद झाली. पुढच्या महिन्यात पुन्हा बिल आलं. काय, तर बिल तयार झालं त्या तारखेपासून मी पैसे भरले त्या तारखेपर्यंतचं व्याज आणि त्यावर जीएसटी. रक्कम किरकोळ, पण ती ‘बाकी’ असल्यामुळे कार्ड चालूच, आणि कार्ड चालू म्हणून सुरक्षा योजनेचे पैसे पुन्हा कापलेले. पैसे भरताना कोणीही मला हे पुढचं व्याज येणार असल्याचं सांगितलं नव्हतं.

म्हणून पहिला सल्ला. कार्ड बंद करायचं असेल तर आधी त्यावरचे सगळे ऑटोपे काढा, मग पूर्ण बाकी भरा, मग पुढचं बिल येईपर्यंत थांबून त्यातलं उरलेलं व्याजही भरा. बाकी शून्य दिसली की त्याच दिवशी बंद करण्याची मागणी ई-मेलनं पाठवा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेचा नियम 1 जुलै 2022 पासून लागू आहे. बाकी नसेल तर मागणी आल्यापासून 7 कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झालंच पाहिजे, नाहीतर बंद होईपर्यंत दिवसाला 500 रुपये बँकेनं ग्राहकाला द्यायचे. मी हा नियम मेलमध्ये लिहिला आणि इतके दिवस न हललेलं काम लगेच हललं. हा नियम त्यांना पाठ असतो. आपल्याला तो माहीत नसावा एवढीच त्यांची अपेक्षा असते.

दुसरा सल्ला ऑटोपेचा. ॲप फोनवरून उडवलं म्हणजे वर्गणी थांबली असं होत नाही. परवानगी बँकेत किंवा यूपीआयमध्ये बसलेली असते. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ असा भाग असतो, तिथे सगळी यादी दिसते आणि तिथूनच ती रद्द होते. कार्डावरच्या अशा वर्गण्यांसाठी पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना पाठवणं बंधनकारक आहे. ते मेसेज जाहिरातींच्या ढिगात पुरले जातात, तेवढे मात्र वाचत चला.

तिसरा सल्ला ‘नो कॉस्ट ईएमआय’चा. आमचा फ्रिज याच काळात बंद पडला. दुकानातला मुलगा हप्त्याचा फॉर्म भरायलाच बसला होता. मी विचारलं, रोख भाव काय? तो गप्प झाला, मग आत जाऊन आला आणि किंमत खाली आली. हप्तेवाल्याला ती सूट दिसतच नाही, त्याचं व्याज तिथे लपलेलं असतं. शिवाय प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर जीएसटी. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, व्याज प्रोसेसिंग फीच्या आड लपवलं जातं, हे रिझर्व्ह बँकेनं 2013 मध्येच बँकांना सुनावलं होतं. तेव्हा दुकानात पाय ठेवल्यावर पहिला प्रश्न रोख भावाचा करा. हप्ता विचारणाऱ्याला कोणी खरी किंमत सांगत नाही. एक्स्टेंडेड वॉरंटीचा कागद पावतीत न विचारता जोडतात, तो तिथल्या तिथे काढायला लावा.

मोबाइलवरच्या खरेदीबद्दल नेहमीचंच सांगते. वस्तू निवडून ठेवा, रात्र जाऊ द्या, सकाळी हवीशी वाटली तर घ्या. उपाशीपोटी किराणा मागवू नका. पण पैसे भरण्याआधी बिलाची प्रत्येक ओळ उघडून बघा हे मात्र आवर्जून सांगेन. न विचारता टोपलीत घातलेली देणगी किंवा विमा, ‘शेवटचे दोनच नग’ अशी खोटी घाई, घ्यायला सोपी आणि सोडायला अवघड वर्गणी, या सगळ्या युक्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर 2023 मध्ये मनाई केली आहे. अशा 13 प्रकारांची यादीच त्यात आहे. असं काही दिसलं की स्क्रीनशॉट काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवा.

किराण्यासाठी मला सगळ्यात जास्त आवडलेली पद्धत नवी नाही. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून ती चालवते आहे. शेजारपाजारची कुटुंबं मिळून एक संघ करतात, महिन्याची यादी आधी भरून देतात, माल एकत्र येतो आणि सगळे मिळून तो वाटून घेतात. यात भाव बरा मिळतो, पण खरा फायदा असा, की काय लागणार हे घरी शांतपणे बसून ठरतं. समोर मांडलेल्या चकचकीत पाकिटांपुढे उभं राहून ते ठरवावं लागत नाही. तुमच्या भागात संघ नसेल तर वाण्याला महिन्याची यादी द्या आणि यादीबाहेरचं काही आणू नका. पाकिटं घेताना मोठं तेच स्वस्त असं समजू नका. ग्रॅममागची किंमत हल्ली छापलेली असते, ती ताडून बघा.

नातेवाइकांबद्दल लिहू नये म्हणतात, पण लिहिते. आमच्याच एका जवळच्या बाईंनी एका लग्नात चारचौघींत म्हटलं, “हिनं हल्ली फारच हात आखडलाय.” त्याच बाईंनी पूर्वी मला हे कार्ड घ्यायला लावलं होतं, ‘आयुष्यभर फुकट’ म्हणून. आहेर आम्ही आमच्या ऐपतीप्रमाणे केला आणि यापुढेही तसाच करू. काटकसर करणाऱ्याला चिंगूस म्हणणाऱ्यांपैकी एकही जण आपला हप्ता भरायला येत नाही. त्यांना उत्तर देत बसू नका.

सुरक्षा योजनेच्या पैशांसाठी मी लेखी तक्रार केली आणि संमतीचं रेकॉर्डिंग मागितलं. उत्तर आलं, ‘आमच्या नोंदीनुसार सर्व योग्य आहे.’ मग मी कळवलं की प्रकरण रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे नेते आहे. बँकेनं 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर तिथे ऑनलाइन तक्रार करता येते, एक पैसाही लागत नाही. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत काही महिन्यांचे पैसे ‘विशेष बाब म्हणून’ माझ्या खात्यात जमा झाले. सगळे नाही. चूक झाली असं एका शब्दानं म्हटलं नाही, दिलगिरी तर दूरच. रेकॉर्डिंग शेवटपर्यंत दिलं नाही, कारण ते नव्हतंच, असं माझं ठाम मत आहे.

ज्यांना माझ्यासारखंच कमी पैशांत घर चालवायचं आहे, त्यांनी घरच्यांच्या चहा-साखरेत काटछाट करण्याआधी वर्षभराचं स्टेटमेंट छापून घ्यावं. ज्या ओळीचा अर्थ लागत नाही तिच्यापुढे खूण करावी, आणि त्या प्रत्येक खुणेसाठी एक लेखी पत्र पाठवावं. फोनवर गोड बोलणाऱ्यांशी वाद घालू नका, त्यांना तेच हवं असतं. लिहून द्या, पोच घ्या, आणि ‘कार्ड बंद झालं, काही देणं नाही’ असा कागद हाती पडेपर्यंत पाठ सोडू नका.