टर्बो इंजिन बसविताना पॉवर ब्रेकची काळजी

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपले अनेक बांधव पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आहेत. जुन्या गाडीत टर्बो इंजिन बसवून देण्याचे किंवा आहे त्या पेट्रोल इंजिनाला टर्बो लावण्याचे काम त्यांच्याकडे येते. इंजिन सुरू झाले, गाडीने ओढ घेतली की गिऱ्हाईक खूष होते आणि कारागीरही. परंतु पॉवर ब्रेकचा जोर हा इंजिनकडून उसना घेतलेला असतो, हे पुष्कळदा ध्यानात येत नाही. जो इंजिन बदलतो त्याने ब्रेकही बदललेला असतो, मग त्याने ब्रेकला हात लावलेला असो वा नसो. या लेखात आपण हा विषय समजून घेऊ.

बूस्टर काम कसे करतो?

पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये जो गोल डबा असतो तो बूस्टर. त्याच्या आत रबरी डायफ्रॅमने दोन कप्पे केलेले असतात. पेडल मोकळे असताना दोन्ही कप्प्यांत निर्वात म्हणजे वॅक्यूम असते. पेडल दाबताच मागच्या कप्प्यात बाहेरची हवा शिरते आणि डायफ्रॅमला पुढे ढकलते. चांगले पेट्रोल इंजिन आयडलिंगला सुमारे ४५० ते ५०० मिलिमीटर पाऱ्याइतके वॅक्यूम देते. २० सेंटीमीटर व्यासाच्या डायफ्रॅमवर त्यामुळे सुमारे २०० किलोचा जोर मिळतो. हा जोर गेला म्हणजे ब्रेक नाहीसा होत नाही, पण पेडल दगडासारखे कडक होते. घाट उतरताना वयस्क माणसाचा किंवा नवशिक्याचा पाय तेथे पुरा पडत नाही.

पेट्रोल इंजिनाला टर्बो लावताना

साध्या पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये वॅक्यूम असते. टर्बो जोरात असताना मात्र तेथे उलटा दाब तयार होतो. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की थ्रॉटल बंद होते आणि वॅक्यूम परत येते. मधल्या काळात बूस्टरमधील वॅक्यूम राखण्याचे काम पाइपमधला छोटा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह करतो. म्हणून पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) बूस्टरचा पाइप थ्रॉटलच्या पुढे, म्हणजे मॅनिफोल्डवरूनच घ्यावा. टर्बो आणि थ्रॉटल यांच्या मधून घेतल्यास कामाचे वॅक्यूम मिळतच नाही.

२) नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नवा टाकावा. जुना व्हॉल्व्ह साध्या इंजिनावर चालून जातो, पण टर्बोचा दाब त्यातून बूस्टरमध्ये शिरतो. तोंडाने फुंकून पाहावे. हवा बूस्टरकडून इंजिनकडे जावी, उलट अजिबात जाऊ नये.

३) पाइप ब्रेक बूस्टरसाठीच बनविलेला, जाड वापरावा. पेट्रोलचा पातळ पाइप वॅक्यूमने चपटा होतो. साध्या इंजिनावर पाइप वॅक्यूमने आत ओढला जातो, म्हणून क्लिप नसली तरी निभावते. टर्बोचा दाब मात्र तोच पाइप बाहेर फेकतो. तेव्हा दोन्ही टोकांना क्लिप हवीच.

४) टर्बो आणि एक्झॉस्ट यांच्या धगीपासून हा पाइप व ब्रेक ऑइलची लाइन दूर ठेवावी, मध्ये पत्र्याची आडोसापट्टी द्यावी. डॉट ३ जातीचे ब्रेक ऑइल कोरडे असताना साधारण २०५ अंशांना उकळते, ओलावा शिरल्यावर त्याच्या बरेच आधी.

५) बूस्टरच्या पाइपातून मीटर किंवा दुसऱ्या कशासाठीही फाटा काढू नये.

टर्बो डिझेल बसविताना

येथे प्रश्न वेगळा आहे. डिझेल इंजिनात हवा अडवून वेग कमी करीत नाहीत. त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये ब्रेकपुरते वॅक्यूम तयारच होत नाही आणि वेगळा वॅक्यूम पंप लागतो. अनेक डिझेल इंजिनांत हा पंप अल्टरनेटरच्या पाठीमागे जोडलेला असतो. ब्रॅकेट जुळतो म्हणून गाडीचा जुना अल्टरनेटर ठेवला की पंप बाहेर राहतो आणि ब्रेकचा जोर त्याच्याबरोबर जातो. इंजिन विकत घेतानाच पंप सोबत आहे ना, हे पाहून घ्यावे.

पंपाला इंजिन ऑइल लागते. ऑइलची येण्याची आणि चेंबरमध्ये परत जाण्याची अशा दोन्ही लाइन जोडाव्यात. ऑइल न मिळाल्यास पंपाची पाती झिजतात. परतीची लाइन तुंबल्यास ऑइल वॅक्यूमच्या पाइपात शिरून पुढे डायफ्रॅमचे रबर खराब करू शकते. पट्टा ढिला राहिला तर पंप फिरत नाही, हेही विसरू नये. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्याची सवय असलेल्या चालकाला स्पष्ट सांगावे की, साठलेले वॅक्यूम दोन-तीन ब्रेकपुरतेच असते.

गाडी देण्यापूर्वीची परीक्षा

१) इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावे. कडक झाल्यावर पाय दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल थोडे खाली गेले पाहिजे.

२) इंजिन एक-दोन मिनिटे चालवून बंद करावे. पाच मिनिटांनी पेडल दाबावे. पहिले दाब मऊ आणि पुढचे कडक लागले तर व्हॉल्व्ह ठीक आहे. पहिलाच कडक लागला तर वॅक्यूम गळत आहे.

३) चालू इंजिनावर पेडल दाबून धरावे व इंजिन बंद करावे. अर्धा मिनिट पेडल वर येऊ नये.

४) शेवटी मोकळ्या जागेत, आधी कमी वेगाने, टर्बोचा जोर देऊन लगेच ब्रेक मारून पाहावा.

बूस्टर ठीक असला तरी ब्रेकची मूळ ताकद तेवढीच राहते. इंजिनाचा जोर वाढविला तर पॅड, डिस्क व ड्रम यांचाही विचार करावा लागतो.

कायदा आणि अमानत

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. म्हणून आरटीओची मंजुरी आधी, पाना नंतर. मंजुरीवाचून केलेल्या कामात अपघात झाला तर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो. नाही म्हणण्याची वेळ आली तर नाही म्हणावे. एक काम गेले म्हणून रोजी जात नाही.

मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतला माल ओला लागला. ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. बॉनेटखालचा पाइपही गिऱ्हाइकाला दिसत नाही. तो आपल्या भरवशावर बायकामुलांना गाडीत बसवतो. व्हॉल्व्ह जुनाच असेल तर तसे सांगावे, नवा टाकला असेल तर बिलात लिहावे आणि जुना भाग त्याच्या हाती द्यावा. गाडी ही आपल्याकडे आलेली अमानत आहे, आणि ती चालविणाऱ्याचा जीवही.

अल्लाह आपल्या हातांच्या कमाईत बरकत देवो.