खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करावं का?

प्रश्न : आई ७८ वर्षांची. न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं. भावकी म्हणते, या वयात ऑपरेशन नको, पडून राहू दे. काय करावं? – एक वाचक, वडगाव निंबाळकर

उत्तर : पडून राहण्यातच जास्त धोका आहे. खाटेवर न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा पडतात, पायात रक्ताच्या गाठी धरतात. तब्येत साथ देत असेल तर ऑपरेशन शक्यतो ४८ तासांत व्हावं. नुसत्या वयावरून नाही म्हणू नका. हृदय, साखर तपासून भूलतज्ज्ञ ठरवतील. १०८ बोलवा, बारामतीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात दाखवा. पाय ओढू नका, चोळूही नका.

खरी कसोटी नंतर. बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी वॉकर धरवून उभं करतात. आई कण्हेल, आणि तुम्हीच म्हणाल, ‘आज राहू द्या.’ घोळ होतो तो इथंच! घरी उकिडवं बसणं बंद; कमोडची खुर्ची आणा. ठिसूळ हाडांचं औषधही लिहून घ्या.

एक विचारतो : पडताना तोंड वाकडं, हात लुळा झाला होता का? तसं असेल तर डॉक्टरांना आधी तेच सांगा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.