महागड्या गाडीचा गिअर आणि काचेचा घाम



या पानावर नेहमी सूत, बाजारभाव, उधारी असे विषय असतात. आज गाडीवर लिहितो आहे, कारण गाडी हाही आता धंद्याच्या खर्चाचा मोठा भाग झाला आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सुरत या रस्त्यांवर आपले लोक आता मोठ्या गाड्या फिरवतात. त्यांपैकी पुष्कळ गाड्या जुन्या घेतलेल्या आहेत. व्याजाच्या हप्त्यापासून दूर राहायचे म्हणून माणूस रोख रकमेत पाच-सात वर्षे वापरलेली बीएमडब्ल्यू, लँड रोव्हर किंवा मर्सिडीज घेतो. घेताना ती नव्या लहान गाडीच्या भावात मिळते, पण तिचे सुटे भाग मोठ्या गाडीच्याच भावात येतात, हे पहिल्या पावसाळ्यात कळते.

दोन तक्रारी सर्वांत जास्त कानावर येतात. गिअर बदलताना झटका बसतो ही एक, आणि पावसात काचा धुरकट होऊन समोरचे दिसत नाही ही दुसरी. दोन्ही बहुतेक वेळा किरकोळ असतात. पण पहिलीवर काही गॅरेजवाले सरळ ‘गिअरबॉक्स खोलावा लागेल’ म्हणतात आणि लाखांचा आकडा सांगतात. दुसरीकडे कोणी लक्षच देत नाही. रात्रीच्या पावसात कसारा घाट उतरताना हीच दुसरी तक्रार जिवावर येते.

आधी गिअरचे पाहू. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये सर्व काम तेलावर चालते. इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून तेलाच्या द्वारेच पुढे जाते. आतल्या क्लचच्या चकत्या तेलाच्या दाबाने दाबल्या आणि सोडल्या जातात, आणि तो दाब कोठे किती द्यायचा हे एक लहान संगणक ठरवतो. म्हणून झटका आला की विचारायच्या गोष्टी तीन: तेल कसे आहे, संगणकाला वीज नीट मिळते का, आणि झटका खरोखर गिअरबॉक्समधूनच येतो का. पोलादी भाग तुटल्याची शंका सर्वांत शेवटी घ्यावी.

काही गोष्टी तर दोष नसतातच. थंडीच्या दिवसांत नाशिक किंवा मालेगावात पहाटे गाडी काढली की पहिली काही मिनिटे गिअर उशिरा पडतो, इंजिन जास्त आवाज करते. तेल आणि इंजिन लवकर गरम व्हावे म्हणून गाडीला तसेच शिकवलेले असते. दहा मिनिटांनंतरही तसेच राहिले तर मात्र पाहावे.

दुसरी गोष्ट उतारावर गाडी उभी करण्याची. ‘पी’मध्ये टाकल्यावर आत एक लहानसा खटका चाकाकडे जाणारा दांडा अडवतो. दोन टनांहून जड गाडी त्या खटक्यावर टेकली की निघताना ‘ठक्क’ असा मोठा आवाज येतो आणि मालक घाबरतो. उपाय फुकटचा आहे. पायाचा ब्रेक दाबून गाडी ‘एन’मध्ये आणावी, हँडब्रेक लावावा, पायाचा ब्रेक हळूच सोडून गाडीचे वजन हँडब्रेकवर बसू द्यावे आणि मग ‘पी’मध्ये टाकावे. ड्रायव्हरला ही सवय लावली की आवाज जातो.

आता खरे झटके. ‘डी’वरून ‘आर’ला टाकताना ठप्प असा धक्का बसत असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्सखालचे रबरी माउंटिंग आधी तपासावे. रबर फाटले की सगळे धूड हलते आणि धक्का गिअरचा वाटतो. माउंटिंगचा खर्च गिअरबॉक्सच्या खर्चापुढे काहीच नाही. कधी कधी पडद्यावर गिअरबॉक्सची सूचना येते, गाडी एकाच गिअरमध्ये अडकते आणि बंद करून परत सुरू केली की ठीक चालते. अशा वेळी बॅटरी पाहावी. वीज कमी पडली की या गाड्यांचे संगणक भलत्याच तक्रारी दाखवतात. स्कॅनर लावल्यावर जे क्रमांक दिसतील ते पुसण्यापूर्वी कागदावर लिहून घ्या. मिस्त्री सवयीने आधी पुसतो, आणि मग पुरावाच राहत नाही.

ताशी ५० ते ७०च्या बेताने, पाय हलका ठेवून सरळ रस्त्यावर जाताना गाडी बारीक थरथरत असेल, जणू खडबडीत पट्ट्यांवरून चालली आहे, तर ती टॉर्क कन्व्हर्टरच्या आतल्या क्लचची आणि जुन्या तेलाची खूण असू शकते. इंजिनाचा एखादा सिलिंडर नीट जळत नसेल तरी असेच वाटते, म्हणून दोन्ही तपासून घ्यावे. तेल बदलल्याने ही थरथर पुष्कळदा जाते. दरवेळी जाईलच असे मात्र नाही.

तेलाबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण पैसे येथेच वाचतात किंवा बुडतात. पुष्कळ कंपन्यांच्या पुस्तकात लिहिलेले असते की गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभराचे आहे, बदलण्याची गरज नाही. कोणाच्या आयुष्याचे, ते लिहिलेले नसते. बीएमडब्ल्यू एक्स-५मध्ये २०१० पासून आणि लँड रोव्हर डिस्कव्हरीमध्ये २०१२ पासून जो आठ गिअरचा बॉक्स आहे, तो झेडएफ या जर्मन कंपनीचा आहे. बॉक्स बनवणारी ही कंपनी स्वतः सांगते की ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षे, यांत जे आधी होईल तेव्हा तेल बदला. गाडी विकणाऱ्यापेक्षा बॉक्स बनवणाऱ्याचे ऐकावे, असे माझे मत आहे. साईझिंगचे मशीन घेतले तर आपणही दलालाला न विचारता कारखान्याच्या इंजिनिअरलाच विचारतो.

यांपैकी बहुतेक गाड्यांत तेल मोजायची काडी नसते. गाडी सपाट जागी उचलून, इंजिन चालू ठेवून, तेल ठरलेल्या तपमानाला आल्यावर भरण्याच्या बुचातून पातळी पाहतात. झेडएफच्या सहा गिअरच्या बॉक्सला हे तपमान ३० ते ५० अंश आहे. तेल फार गरम असताना किंवा इंजिन बंद ठेवून भरले तर पातळी चुकते आणि बरा चाललेला बॉक्स झटके देऊ लागतो. म्हणून ‘एक लिटर टाकून देतो साहेब’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला हात लावू देऊ नये. तेलही त्या बॉक्ससाठी सांगितलेलेच हवे. डब्यावर ‘सर्व गाड्यांसाठी’ लिहिले असेल तर तो परत करावा. झेडएफच्या कित्येक बॉक्सना खालचे प्लॅस्टिकचे तबक आणि तेलाची जाळी एकच असते, त्यामुळे तेलाबरोबर तबकही बदलावे लागते. बिलात ते दिसले तर फसवणूक समजू नका. जुन्या तबकातले लोहचुंबक स्वतः पाहा. त्यावर बारीक राखाडी लगदा असणे नेहमीचे आहे, धातूचे कण आणि कपचे असतील तर गोष्ट गंभीर. तेल बदलल्यावर संगणकाची जुनी सवय पुसून त्याला नव्याने शिकवावे लागते. त्यानंतर पहिले काही दिवस गिअर थोडे वेगळे पडले तर काळजी नको.

चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत आणखी एक कारण असते, जे कोणी सांगत नाही. काटकसर म्हणून दोनच टायर नवे टाकले, किंवा दोन कंपन्यांचे टायर मिसळले, तर पुढच्या-मागच्या चाकांचा घेर वेगळा होतो. दोन-तीन मिलिमीटर झिजेचा फरकही पुरतो. ताकद वाटणारा ट्रान्सफर केस मग सतत झगडत राहतो आणि वळणावर, सिग्नलला निघताना धक्के बसतात. दोष टायरचा, बदनामी गिअरबॉक्सची.

आता टाळू नये असे: इंजिन भरधाव ओरडते आणि गाडी ओढत नाही, तेलाला जळका वास येतो, किंवा गाडीखाली तेलाचे थेंब पडतात. अशी गाडी चालवू नका आणि दोरीने ओढूही नका. सपाट ट्रकवर चढवून न्या.

काचेकडे वळतो. हवेत पाणी वाफेच्या रूपाने असते आणि गरम हवा जास्त पाणी धरते. ३० अंशाला एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम पाणी धरू शकते, २० अंशाला सुमारे १७ ग्रॅमच. दमट हवा थंड काचेला लागली की जास्तीचे पाणी काचेवर बसते. यालाच आपण काचेला घाम आला म्हणतो.

प्रथम बोटाने पाहा की घाम आत आहे की बाहेर. आतून बोट फिरवल्यावर रेघ उमटली तर आत, नाही तर बाहेर. आपल्याकडे जून ते सप्टेंबरमध्ये पुष्कळदा तो बाहेर असतो. एसी १८ वर ठेवून हवेचा झोत काचेवर सोडलेला असतो, काच गार पडते आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर पाणी सोडते. तेव्हा वायपर एकदा फिरवावा, तपमान २४-२५ वर न्यावे आणि हवा काचेवरून काढून अंगावर व पायांवर घ्यावी. ड्रायव्हर नेमके उलटे करतो, एसी आणखी वाढवतो.

घाम आत असेल तर एसी चालूच ठेवावा, कारण एसी हवेतले पाणी काढून घेतो. हवा थोडी गरम, झोत काचेवर, पंखा जोरात, आणि मुख्य म्हणजे बाहेरची हवा आत घेण्याचे बटण. तीच हवा आत फिरत राहिली तर बसलेल्यांच्या श्वासाचे पाणी बाहेर जात नाही. एक माणूस श्वास आणि घाम मिळून तासाला साधारण ४० ते ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. पाच माणसांचा हिशेब तुम्हीच करा.

आपल्या धंद्याचा संबंध येथे येतो. सुती मालाचा व्यापारात मान्य असलेला ओलावा साडेआठ टक्के आहे, पॉलिस्टरचा ०.४ टक्के. म्हणजे २० किलो सुक्या सुती नमुन्यांत नेहमीच्या हवेतही सुमारे पावणेदोन किलो पाणी असते. पावसाळ्यात त्याहून जास्त. हे गठ्ठे मागे ठेवून गाडी दुपारभर उन्हात बंद राहिली की ते पाणी हवेत येते, आणि संध्याकाळी काच गार होताच तिच्यावर बसते. ओली छत्री, ओले पायताण, वजूनंतरचा ओला रुमाल यांचेही तेच. नमुने प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावेत किंवा रात्री उतरवून घ्यावेत. सुताची फुणही एसीच्या फिल्टरमध्ये अडकते. कापड नेणाऱ्या गाडीचा फिल्टर पावसाळ्याआधी काढून पाहावाच.

काच हाताने पुसू नका, हाताचा तेलकटपणा राहतो आणि वाफ त्यावर आणखी धरते. कोऱ्या कापडानेही नको, त्यात खळ असते. पुष्कळदा धुतलेली जुनी मलमल सर्वांत चांगली.

एवढे करूनही काच रोज भरत असेल तर गाडीत कोठेतरी पाणी साचले आहे. पुढच्या सीटखालचा गालिचा हाताने दाबून पाहा. एसी चालवून गाडी उभी केल्यावर खाली पाणी टपकत नसेल तर एसीची नळी तुंबली आहे आणि ते पाणी आत उतरते आहे. सनरूफच्या कोपऱ्यांतून पाणी जाण्याच्या नळ्या असतात. कडुनिंब किंवा चिंचेखाली गाडी लावणाऱ्यांच्या त्या पाल्याने भरतात. सनरूफ उघडून कोपऱ्यात कपभर पाणी हळू ओता, ते चाकाजवळ खाली आले पाहिजे. साफ करताना जोराची हवा मारू नये, नळी आतून निसटते. पातळ नायलॉनची दोरी पुरते. पॉवर विंडोच्या दुरुस्तीनंतर दाराच्या आतला पडदा नीट चिकटवला नसेल तरी पाणी येते. काचेवर चिकट थर आणि गोडसर वास असेल, आणि कूलंट कमी होत असेल, तर हीटरची जाळी गळते आहे. या गाड्यांत संगणकाच्या पेट्या गालिच्याखाली किंवा स्टेपनीच्या खळग्यात बसवलेल्या असतात, म्हणून साचलेले पाणी पुढे गिअरबॉक्सच्या तक्रारीच्या रूपाने दिसू शकते. दोन्ही तक्रारी एकाच गाडीत असतील तर पाणी आधी शोधावे.

गाडी विकताना गिअरचा झटका किंवा गळती माहीत असेल तर ती ग्राहकाला सांगणे आपल्यावर बंधनकारक आहे. शरियतमध्ये लपवलेला ऐब नंतर निघाला तर माल परत करण्याचा हक्क खरेदीदाराला आहे, त्याला खियारे ऐब म्हणतात. थानातला डाग दाखवून विकणारा व्यापारी गाडीच्या बाबतीत मात्र गप्प बसतो, हे मला समजत नाही.

आणि घेताना पुरातली गाडी ओळखायला शिका. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, २०१९मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१मध्ये चिपळूण बुडाले. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या बाजारात येतात. सीटखालचे लोखंडी रूळ गंजले आहेत का ते पाहा, स्टेपनीच्या खळग्यात बॅटरी मारा, आणि सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढा. शेवटच्या वीतभर भागावर चिखलाची रेघ दिसली तर भाव विचारू नका.