निरंक

माझ्या आजीच्या दंडावर देवी काढल्याचे दोन गोल वण आहेत. आईच्या आणि माझ्या दंडावर ते नाहीत. हा सारा लसीचा प्रताप, अशी माझी समजूत होती. ती अपुरी होती.

हिंदुस्थानातील पहिली देवीची लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्थॉल या लहान मुलीला टोचली गेली. म्हणजे लस हाती येऊनही हा रोग देशात पावणेदोनशे वर्षे ठाण मांडून होता. १९६२ साली राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. सर्वांना टोचायचे, आकडा पुरा करायचा, हा त्याचा रोख. त्यामुळे सहज सापडणारी शाळकरी मुले पुन्हा पुन्हा टोचली जात आणि पोटासाठी फिरणारे मजूर राहून जात. शिवाय ज्या भागात रोगी अधिक, तेथील कर्मचाऱ्यावर वरिष्ठांचा रोष! मग रोगीच न नोंदवणे सोयीचे झाले. कागदावर रोग ओसरत होता, वस्तीत नाही.

१९७३ च्या अखेरीस घरोघर शोध सुरू झाला. देवी आलेल्या मुलाचे चित्र घेऊन कर्मचारी शाळांत, बाजारांत विचारू लागले, "असा रोगी कुठे पाहिला का?" रोगी सापडला की दारात पहारेकरी बसवायचा आणि आसपासच्या सर्वांना टोचायचे. देवी माणसाकडून माणसालाच होतात आणि अंगावर उघड दिसतात, म्हणून हे साधले. पाण्यातून पसरणाऱ्या कॉलऱ्याला दारावरच्या पहाऱ्याने काय होणार?

१९७४ साली सुमारे १ लाख ८८ हजार रोगी नोंदले गेले. बिहारमधील साथ भयंकर होतीच. पण आता रोगी लपतही नव्हते. बातमी देणाऱ्यास बक्षीस लागले, ते पुढे १००० रुपयांपर्यंत गेले. ज्या बातमीला पूर्वी बोलणी बसत, तिलाच बक्षीस! मला तरी खरा पालट येथेच दिसतो. २४ मे १९७५ रोजी आसामात करीमगंज येथे आढळलेली, बांगलादेशातून आलेली एक स्त्री भारतातील शेवटची रोगी ठरली. तरीही शोध चालूच राहिला. दोन वर्षे 'रोगी नाही' हेच उत्तर पुन्हा पुन्हा तपासल्यावर एप्रिल १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने भारत देवीमुक्त झाल्याचे मान्य केले.

२००४ पासून देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण आहे. ताप, जुलाब, कावीळ यांचे रोगी गावपातळीवर मोजून वर कळवायचे; नसल्यास 'निरंक' लिहायचे. माझी आई आशा आहे. ती आठवीपर्यंत शिकली. तिची वही मी लिहीत असे. एका पावसाळ्यात आमच्या आळीत जुलाब लागले. "कशाला लिहिता? पाण्याच्या टाकीची चौकशी लागेल," असे गावातील एक वजनदार गृहस्थ सांगून गेले. मी निमूटपणे 'निरंक' लिहिले. रात्री आईने वही पाहिली. ती रागावली नाही. नवे पान काढून माझ्यापुढे ठेवले आणि एकेक नाव सांगू लागली. सात नावे झाली. सातवे आजीचे होते.