सीटमागचे दोनशे व्होल्ट

नागपूर

चि. बाळू यास,

काल रात्री वहिनींचा फोन आला. हायब्रिड गाडीची मागची सीट काढून अंगणात पारिजातकाखाली ठेवली आहेस, डिकीतला गालिचा बाहेर आहे, भांडी घासायचे पिवळे हातमोजे घालून आणि मोबाईल समोर ठेवून तू बॅटरीच्या झाकणाचे नट खोलतो आहेस, असं त्या म्हणाल्या. 'चहा नेला तर म्हणतो, आई, मध्ये बोलू नकोस.' मी विचारलं, नारिंगी मुठीचा प्लग काढलाय का? त्यांना ते कुठून कळणार! रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे उठून मी वहिनींना सांगितलं, गाडीची किल्ली देव्हाऱ्यात ठेवा आणि माझं पत्र येईपर्यंत त्याला देऊ नका. रागावू नकोस. फोनवर तू 'हो काका, हो काका' म्हणतोस आणि फोन ठेवल्यावर करायचं तेच करतोस, म्हणून लिहायला बसलो. नात या पानांचे फोटो काढून तुला आजच पाठवणार आहे.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं नसतं तर रात्रीच सिवनीच्या रस्त्यानं जबलपूरला यायला निघालो असतो.

बाळू, त्या झाकणाखाली 28 मोड्यूल आहेत, प्रत्येक 7.2 व्होल्टचं. एकामागे एक जोडलेली. गुणाकार तुला येतो: 201.6 व्होल्ट. आपल्या घरातला कूलर 230 व्होल्टवर चालतो. कूलरचं नाव काढलं की आपल्या घरात सगळे गप्प का होतात, ते तुला ठाऊक आहे. भूकंपाच्या उन्हाळ्यात, 1997 साली, छताखाली झोपायची कोणाची छाती होत नव्हती, म्हणून तुझ्या वडिलांनी, नानांनी, लांब वायर लावून कूलर अंगणात आणला होता. तू तेव्हा वहिनींच्या मांडीवर होतास. त्या कूलरचा शॉक बसूनही नाना वाचले, पण उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी राहिली आणि दत्तमंदिरातल्या भजनात त्यांनी पुन्हा पेटी घेतली नाही. त्या बोटांनी तुला अक्षरं गिरवायला शिकवली आहेत. पिवळे हातमोजे घालून त्या झाकणाशी बसलास तेव्हा तुला ती बोटं आठवली नाहीत?

भांड्याचे हातमोजे पाण्यासाठी असतात. या कामाचे रबरी हातमोजे निराळे, 1000 व्होल्टसाठी तपासलेले, वर चामड्याचा जोड घालायचे. दर वेळी घालण्याआधी त्यांत हवा कोंडायची, मनगटाकडून गुंडाळी करत दाबायचं आणि कुठून हवा सुटते का ते बघायचं. सुईएवढं भोक असलं तरी तो हातमोजा बाद. आणि हातात नानांचं चांदीचं कडं आहे ना तुझ्या? ते घालून तू आत पाना फिरवत होतास, असं नसेल अशी मी देवाकडे प्रार्थना करतोय.

तू म्हणशील, प्लग काढला की वीज बंद होते, व्हिडिओत दाखवलंय. अर्धंच दाखवलंय. प्लग काढल्यावर पुढे इन्व्हर्टरकडे जाणारा प्रवाह तुटतो, पण इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरांत साठलेली वीज लगेच उतरत नाही. कंपनीची पुस्तिका 10 मिनिटं थांबायला सांगते, आणि त्यानंतरही मीटर लावून शून्य दिसल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि बॅटरी पॅकच्या आतली वीज तर कुठेच जात नाही. प्लगमुळे माळेचे दोन तुकडे होतात, त्यातल्या मोठ्या तुकड्यात तरीही शंभराच्या वर व्होल्ट उरतात. झाकण उघडून तांब्याच्या पट्ट्यांवर पाना ठेवणाऱ्याला वाचवणारा तिथे कुठलाही एमसीबी नाही. शिवाय ही डीसी वीज. पाना दोन पट्ट्यांवर आडवा पडला तर जो जाळ होतो, तो घरातल्या विजेसारखा पटकन विझत नाही.

तुझ्या वयात मीही अंगात वारं भरल्यासारखा होतो. फॅक्टरीत शक्तिमान ट्रकवर काम करायचो, 24 व्होल्टची गाडी. उघड्या हातानं वायर चिमटीत धरायची, ठिणगी उडाली तर हसायचं. आपल्या जबलपूरनं देशाच्या फौजेला गाड्या दिल्या. पहिला शक्तिमान 1959 साली गन कॅरेज फॅक्टरीत तयार झाला, 1969 साली व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली, आणि जोंगा तर जबलपूरचं नाव अंगावर घेऊनच जन्माला आली. त्या जोंगाचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन चालू झालं की छाती भरून यायची. ऑटो-इलेक्ट्रिकच्या सेक्शनसाठी नावं मागवली, तेव्हा साहेबांनी मला बोलावून विचारलं होतं. मी नको म्हणालो. मला इंजिन हवं होतं. वायरींचं काम बसून करायचं, आवाज नाही, दणका नाही, ते मला कामच वाटेना. पुढे स्टॅलियन ट्रक आला, गाड्यांमध्ये वायरी वाढल्या, आणि माझ्या हाताखाली शिकलेली मुलं मीटर लावून बोलायची तेव्हा मी मागे उभा राहून ऐकायचो. ती हुरहुर आजही जात नाही. तुझ्यात हे शिकायची ओढ आहे, ती मी कशाला मोडीन? काल रात्री राग आला होता हे खरं, पण पहाटे वाटलं, नाना असते तर तुझ्या शेजारी स्टूल टाकून बसले असते.

म्हणून तुला थांबवताना हेही सांगतो की काय काय तू स्वतः कर.

डॅशबोर्डवर लाल त्रिकोण आला आणि कोड पी0ए80 निघाला, असं तू वहिनींना सांगितलंस. त्याचा अर्थ बॅटरीचे गट एकसारखे राहिले नाहीत, कोणतातरी एक जास्त खाली जातोय. पण तिथे जायच्या आधी डिकीत उजव्या कोपऱ्यातली छोटी 12 व्होल्टची बॅटरी बघितलीस का? ती मरायला टेकली की ही गाडी वेडेवाकडे दिवे लावते. रात्रभर उभ्या गाडीत मीटर लाव, 12.6 च्या आसपास आलं तर चांगली, 12 च्या खाली असेल तर तीच आधी बदल. आणि बदलताना दुकानदार जी देईल ती साधी बॅटरी घेऊ नकोस. ती माणसं बसतात त्याच हवेत ठेवलेली आहे, म्हणून तिचा वायू नळीनं बाहेर काढायची सोय असलेली, बंद जातीचीच लागते. या गाडीत सेल्फ नाही, अल्टरनेटर नाही. 'रेडी' दिवा लागला की मोठी बॅटरीच छोटीला भरते. तेव्हा मीटरवर 14 च्या जवळपास दिसायला हवं. आणि दुसऱ्या गाडीवरून करंट घेताना उलटी तार लागली तर इन्व्हर्टर गेलाच समज, म्हणून तारा लावण्याआधी दोनदा बघ.

दुसरी गोष्ट धूळ. मागच्या सीटच्या बाजूला जी जाळी आहे, तिथून बॅटरीचा पंखा गाडीतली गार हवा ओढतो. गाडी दिल्लीहून आलेली, 2012 सालची. तिथे पेट्रोल गाडीला पंधरा वर्षांची मर्यादा होती म्हणून तुला ती स्वस्तात मिळाली. इतक्या वर्षांत त्या पंख्यात किती केस आणि धूळ बसली असेल! त्यात आपला मे महिना, 44 अंशांचा. या जातीच्या बॅटरीला उष्णतेसारखा शत्रू नाही. जाळी झाडून, व्हॅक्यूम लावून स्वच्छ कर. वहिनी त्या जाळीशी देवळाच्या पिशव्या ठेवतात, त्या ठेवू देऊ नकोस. गाडी दुपारी उन्हात उभी करू नकोस. कित्येकदा एवढ्यानंच बॅटरी पुष्कळ महिने जास्त चालते. मात्र पंखा सुटा करायचा तर आतली पॅनेलं उघडावी लागतात, ते माझ्यासमोर कर.

ब्रेकचे पॅड तू बदलशील हे मला माहीत आहे. तुझा हात चांगला आहे. पण ही गाडी दार उघडल्यावर आपोआप ब्रेकचा दाब तयार करते. पिस्टनपाशी बोट असताना कोणी सहज दार उघडलं तर बोट चिरडतं. म्हणून आधी 12 व्होल्टची तार सोड. 'रेडी' दिवा लागलेला असताना बॉनेटमध्ये हात घालायचा नाही, कारण इंजिन शांत असलं तरी कोणत्याही क्षणी फिरतं. एसीचा गॅस भरायला घमापूरच्या ओळखीच्या दुकानात जाशील, तर त्याला आधी सांग की याचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो आणि त्यात वेगळं तेल लागतं. नेहमीचं तेल पडलं तर कॉम्प्रेसरच्या विजेची आच्छादनं बिघडतात. इतर गाड्यांत पाणी घालतोस तसं गुलाबी कूलंटमध्ये नळाचं पाणी घालू नकोस. इन्व्हर्टरची टाकी इंजिनच्या टाकीहून वेगळी आहे, दोन्ही बघ. आणि पावसाळ्यात बॉनेटखाली उंदरांनी घर केलं तर सगळ्यात आधी नारिंगी वायरी बघ, हात न लावता. कुरतडलेली दिसली की गाडी तिथेच उभी.

नारिंगी रंग जगभर त्यासाठीच ठेवलाय. सारखं तेच लिहितोय, मला कळतंय. पण कालपासून दुसरं काही सुचतच नाही.

एक मोड्यूल बदलून काम भागेल, असं तुला वाटतंय. भागेल, थोडे दिवस. बाकीची सत्तावीस तेवढीच जुनी आहेत. नवं त्यांच्यात बसलं की पुढची कमजोर पडेल, मग पुन्हा झाकण, पुन्हा पाना. दर वेळी तू त्या विजेच्या तोंडाशी बसणार, आणि आतलं क्षाराचं पाणी डोळ्यात उडालं तर तेही आहेच. इथे शेजारचा एक मुलगा हायब्रिडच्या वर्कशॉपमध्ये काम करतो, त्याला मी आज बोलावून सगळं विचारून घेतलं. तो म्हणाला, पॅक तपासून घ्या, गटागटाचे व्होल्ट भाराखाली बघा, मगच ठरवा. सुट्टीत तो जबलपूरला यायला तयार आहे, हातमोजे आणि मीटर घेऊन. त्याच्या शेजारी बस, सगळं विचार, हवं तर त्याच्या देखरेखीखाली स्वतः उघड. एकट्यानं मात्र नाही. वहिनी स्वयंपाकघरात असताना, घरात दुसरं कोणी नसताना, कधीच नाही.

नव्या पॅकचा भाव ऐकून तू गप्प झालास, असं वहिनी म्हणाल्या. मला तेव्हाच समजलं की तू हौसेनं नाही, खर्चापोटी ते झाकण उघडायला घेतलंस. मला का नाही सांगितलंस? नाना गेल्यावर घराचा सगळा भार तुझ्यावर आला, आणि तू कोणापुढे हात पसरत नाहीस, हे मला दिसतं. त्या गाडीतून वहिनींना दर सोमवारी ग्वारीघाटावर आरतीला नेतोस. 'गाडीला आवाजच नाही रे, घरात बसल्यासारखं वाटतं,' असं त्या मला किती कौतुकानं सांगतात. ती गाडी चालली पाहिजे, माझीही तीच इच्छा आहे. पेन्शन मला पुरून उरते. माझ्या खात्यावर ठेव आहे, ती तुझ्या लग्नासाठी म्हणून वेगळी ठेवली होती. त्यातली बॅटरीला लावू. लग्नाचं नंतर बघता येईल, तुझे दोन्ही हात असले की.

कठोर लिहिलं असेल तर मनात ठेवू नकोस. तू लहानपणी माझ्या टूलबॉक्समधले पाने आकारानं लावून ठेवायचास, फॅक्टरीचा भोंगा झाला की दारात उभा असायचास. माझ्या हातानं जे शिकायचं राहिलं, ते तू शिकावंस, आणि चांगलं शिकावंस. त्यासाठीच सांगतोय. पायावर नीट उभा राहिलो की येतो, तोपर्यंत आपण दोघं मिळून ती पुस्तिका फोनवर वाचू, रोज थोडी थोडी. मला वाचून दाखव, मी विचारतो.

सीट परत बसव. वहिनींच्या हातचा चहा घे आणि काल त्यांना बोललास त्याबद्दल एवढंच म्हण की, आई, चुकलं. पत्र वाचल्याबरोबर मला फोन कर आणि झाकण बंद केलंस, हे पहिल्या वाक्यात सांग.

तुझा,
काका